अठरा तोळे

फुले मार्केटात हासानंदच्या दुकानी
मी सातवा रेनकोट उलगडला, तेव्हा तो म्हणाला,
ताई, लग्नाचा शालू घेताय का?
म्हटलं, शालू एकदा नेसून कपाटात जातो.
हा मला रोज वाहायचाय,
अमळनेर ते जळगाव, जळगाव ते अमळनेर,
पडला तरी, नाही पडला तरी.

नाही पडला तरी. सगळी अडचण इथंच.
कोकणातला माणूस रेनकोट घालतो,
आम्ही खानदेशी अप-डाऊनवाले तो नुसता नेतो-आणतो.
चार महिने पिशवीच्या तळाशी,
कळण्याच्या भाकरीची ऊब घेत
तो घडीतच म्हातारा होतो.
आणि ज्या सकाळी खुंटीवर राहतो
नेमक्या त्याच सकाळी टाकरखेड्याच्या पुढे
डब्याच्या खिडक्या पांढऱ्या होतात.

तात्यांचा होता एक. वायरमन होते ते.
काळा, रबरी, गळ्यापासून पोटरीपर्यंत.
खांबावर दोघं चढायचे, तात्या आणि तो.
दारामागे टांगला की रात्री वाटायचं
कुणीतरी परकं उभं आहे, उत्तराची वाट बघत.
त्यातून थेंब कधी आत आला नाही, हे खरं.
पण वाराही आला नाही.
तात्या घरी यायचे ते आतून भिजलेले,
आई टॉवेल द्यायची आणि म्हणायची,
मंग घातला कशाले?

म्हणून मी हासानंदला विचारत राहिले,
काखेत जाळी आहे का?
शिवणीवर आतून पट्टी लावलीय का?
टोपीला दोरी, पाठीवरच्या पिशवीला जागा?
तो प्रत्येकाला म्हणाला, शंभर टक्के.
शंभर टक्के म्हटलं की मला शंका येते.
नऊ वर्षं सराफाच्या काट्यावर बसतेय,
शंभर नंबरी म्हणत आलेलं किती काय
कसाला लागल्यावर गप्प झालेलं पाहिलंय.

दोन रेनकोट पसंतीला म्हणून उचलले
आणि दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, काट्यावर ठेवले.
निळा : चारशे बारा ग्रॅम.
राखाडी, स्वतःच्याच खिशात गुंडाळून मुठीएवढा : एकशे ऐंशी.
निंबाआप्पांनी चष्मा कपाळावर सारला.
अठरा तोळे! म्हणाले. आणि घट किती?
घट बघायला पॉलिशच्या घमेल्यावर
दोन्हींच्या बाह्या धरून तांब्याभर पाणी ओतलं.
निळ्याची शिवण पाझरली.
राखाडीत पाणी तसंच थरथरत राहिलं,
खोलगट, आमच्या दोघांची तोंडं घेऊन.

तेव्हापासून आप्पांना नादच लागला.
सकाळी दुकान उघडलं, धूप फिरवला,
की पहिला तोल माझ्या रेनकोटचा.
किती?
एकशे ऐंशी.
दुसऱ्या दिवशी एकशे ऐंशी. आठवडाभर एकशे ऐंशी.
पिशवीत आहे की नाही ते खांद्याला कळेना,
म्हणून मीच दर स्टेशनाला हात घालून चाचपायची.
आप्पा म्हणायचे, बाई,
पानी काय तुले सांगीसन येवाव शे का?

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी आला.
पाळधीला गाडी थांबली तीच पावसात,
स्टेशनापासून दुकानापर्यंत मी त्याच्यातून चालले.
कोरडी होते. मान, कुडता, डबा, सगळं कोरडं.
गुडघ्याखाली मात्र नदी, पण तिची हमी कुणीच दिली नव्हती.

रेनकोट झटकून काट्यावर टाकला.
दोनशे अकरा.
आप्पांनी आकडा दोनदा वाचला,
बिलाच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर
त्यांच्या मोडीवळणी अक्षरात लिहिलं,
आवक, तीन तोळे एक ग्रॅम.
भावाची जागा कोरी सोडली.

संध्याकाळी वाळला, पण घडी जमेना.
कंपनीची घडी कंपनीलाच येते;
मी गुंडाळला की एक बाही बाहेर,
बाही कोंबली की टोपी बाहेर.
आप्पांनी तो माझ्या हातून घेतला.
चाळीस वर्षं गुलाबी कागदाच्या पुड्या बांधलेली बोटं,
नथ असो, मणी असो, तुटलेला फासा असो.
एकदा आडवा, एकदा उभा,
हवा तळहाताने हळूहळू बाहेर काढत,
टोक आत खोचून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला
आणि सवयीने म्हणाले,
घरी जाऊन उघडा.