डावीकडून सातवी

रावपुऱ्यात, घड्याळवाल्याच्या दुकानावर
पहिल्या मजल्याची गॅलरी. बिडाचा कठडा.
महापालिकेच्या यादीत क्रमांक एकशे बारा.
फॉर्मवर एक रकाना असतो : स्थिती.
त्यात मावेल एवढाच शब्द लिहायचा
आणि सोबत तीन फोटो जोडायचे.

पहिला समोरच्या जिन्यावरून.
सगळंच आलं त्यात, केबलची वेटोळी, एसीचा डबा,
हिरवा टॉवेल, गणिताच्या शिकवणीची पाटी,
आणि कठडा त्यात असा
जसा लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला मामा.

दुसऱ्यासाठी अर्धं पाऊल डावीकडे सरकले,
केबल गेली.
गुडघे वाकवले, डबा गेला.
शिकवणीची पाटी खांबाआड लपवली.
टॉवेल काही हलेना.

"वाळायला वेळ आहे अजून,"
कुमुदिनीबाई टिपणीस वरून म्हणाल्या.
"तुम्हीच वर या. लांबून काय कळणार आहे?"

जवळून लोखंड वेगळंच बोलतं.
चंदेरी रंग, खाली हिरवा, त्याच्या खाली शेंदरी,
टवका उडालेल्या जागी सगळी वर्षं एकदम दिसतात.
एका आकड्यात यंदाच्या उत्तरायणाचा मांजा,
गुलाबी, अजून धारदार.
वेली सगळ्या एका साच्यातल्या.
पानाच्या टोकाशी नखाएवढी चूक,
तीही प्रत्येकीने इमानाने केलेली.

"सातवी बघा. डावीकडून."

मोजलं.
बाकीच्या उजवीकडे वळतात, ही डावीकडे.
बिडाची नाहीच, सळई तापवून ठोकलेली,
रंगाखाली हातोडीचे चपटे घाव
बोटाला लागतात, डोळ्याला नाही.

"पासष्ट साल असेल. खालून वरात चालली होती,
आमच्या रमाकांतला बँडातला मोठा भोंगा बघायचा होता.
डोकं गेलं बाहेर. येताना कान आडवे आले.
गोडं तेल झालं, साबण झाला,
वरातीतले सगळे वर बघायला लागले,
नवरदेवाकडे कुणी बघेना.
मग जशुभाई पांचाळ आला, करवत घेऊन.
हलीश नहीं, दीकरा, एवढंच म्हणत राहिला,
दर चार घासांनी एकदा.
चौथ्या दिवशी ही वेल घेऊन आला.
बाबा म्हणाले, उलटी झाली की रे.
तर म्हणतो, साहेब, छोकरो आत होता ना,
मी आतून बघून केली."

"आणि आता? रमाकांत?"

"अहमदाबादला. डोकं शेअरबाजारात अडकलंय.
तिथे करवत चालत नाही."

तिसरा फोटो जमेना.
वेल मधोमध घेतली, फारच शहाणी दिसली,
दागिन्यांच्या जाहिरातीसारखी.
कडेला घेतली, तर बाकीच्या तिला ढकलू लागल्या.
पावणेपाचचं ऊन कठड्यातून आत आलं,
फरशीवर सगळ्या वेली लांबल्या,
क्षणभर वाटलं सावलीच घ्यावी.
पण सावलीत हातोडी नव्हती.

मग सहावी आणि सातवी यांच्या मधली जागा घेतली.
एका लहान डोक्याएवढी. नुसती हवा.
कॅमेऱ्याला रिकामं कळत नाही,
तो पुन्हापुन्हा पलीकडे जाऊन
समोरच्या फरसाणवाल्याची पाटी स्पष्ट करायचा.
शेवटी हाताने फोकस धरला,
श्वास धरला,
आणि खालून कुणी भोंगा वाजवत जाईल
अशी उगाच वाट पाहिली.
स्कूटर गेली एक.
दाबलं.

रकान्यात लिहिलं : बरी.
जागा उरली म्हणून त्याच अक्षरात पुढे :
सातवी बदलू नये.

कुमुदिनीबाई टॉवेल काढत होत्या.
"आला का हो फोटोत हा?"
"कोपरा आलाय."
"असू दे," त्या म्हणाल्या, घडी घालत,
"धुतलेला होता."