दहावा धागा

मेडिकल कॉलेजात मी चिरफाडीच्या हॉलवर मदतनीस आहे,
डॉक्टर नाही. बादल्या उचलतो, टेबलं पुसतो.
बावीस वर्षांत फॉर्मलिनचा वास
माझ्या मुलीच्या वह्यांनाही लागला.
तरी सायत्राकाकूला वाटतं, मला माहीत असणारच.
"तू त रोज मेंदू पायतं नं, भीमराव?
मंग सांग, माया उजवा हात कुठं गेला?"

हात तर मांडीवरच आहे,
पालथा, सुपातल्या तंबाखूला टेकून.
चाळीस वर्षं, रोज हजार:
तेंदूच्या पानावर फर्मा, कात्रीचा एक फेरा,
चिमटीत मोजून तंबाखू, वळणं,
नखानं तोंड मुडपणं, सूत.
तिच्या कट्ट्यात छाट निघत नाही
असं सट्टेदारसुद्धा म्हणायचा, आणि सट्टेदार कुणाचं कौतुक करत नसतो.
तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
सूत अर्ध्यात राहिलं.

मी काडीनं अंगणातल्या मातीत रेघ ओढतो.
हे बघ, डोक्यात डावीकडे, कानाच्या वर,
हाताच्या नावाची एक पट्टी असते.
तिथली एकेक पेशी आपला धागा सोडते,
आणि तो मध्ये गाठ न पडता
थेट मानेत उतरतो,
गोंदिया-नागपूर विनाथांबा.
फक्त मानेच्या जरा वर
धागे बाजू बदलतात, वेणीचे पेड बदलतात तसे.
सरांनी एकदा चिमट्यानं उचलून दाखवलं होतं ते,
दिव्याच्या वातीएवढं.
पोरं वह्यांत चित्र काढत होती.
मी झाडू धरून मागे उभा होतो.

"म्हंजे फुटलं डावीकडं
अन् अंधार उजवीकडं?"
हो.
"कोनं लावली अशी लाइन?"

चिंचेवर वानरं उतरली आहेत.
एक म्हातारी मादी, कानाशी केस झडलेले,
आखूड अंगठा बाजूला ठेवून
नुसत्या बोटांनी कोवळा पाला ओरपते.
तिच्या डोक्यातूनही असाच रस्ता निघतो, मी सांगतो.
बैलाची पायवाट मानेशीच विरून जाते,
खुराला कशाला हवी चिमूट?
माकडांची पार बोटांपर्यंत येते.
माणसाची तर अशी,
की मेंदूनं स्वतः येऊन बोटाच्या दारावर थाप मारावी.
काकू वानरीकडे बघत राहते.
इतक्या उघड हेव्यानं
मी कुणाला कुणाकडे बघताना पाहिलेलं नाही.

मग एकदम विचारते,
"ते तुये टेबलावरचे लोकं,
त्यायचे हात काय काम करत होते?"
मला माहीत नाही.
आमच्याकडे नंबर येतो, नाव येत नाही.
चौदा नंबरच्या बाईची नखं पिवळी होती,
अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची,
धुऊनही न जाणारी. ते मी सांगतो.
काकू आपली नखं उन्हात धरते,
डाव्या हातानं उजवा उचलून.
"बीडीवालीच असन," म्हणते.
"एवढ्या लोकायनं पायलं तिले.
कोनी इचारलं नाई?"

ऊन कुडाच्या भिंतीवर चढतं.
बोलायला काही तरी हवं म्हणून मी म्हणतो,
दहातले नऊच ओलांडतात. एखादा नाही ओलांडत.
आपल्याच बाजूनं सरळ खाली येतो.
"उजवीकडला उजवीकडं?"
हो.
"म्हंजे तो जित्ता हाये."
हो.
"मंग त्याले निरोप धाड नं, बाप्पा!
इतक्या उशिरा सांगतं काय?"
तो धागा धडाचा असतो, कमरेचा, पाठीचा,
बोटांचं काम त्याला येत नाही, असं सर म्हणाले होते.
हे मी काकूला सांगत नाही.

ती सुताचं टोक उजव्या तळहातावर ठेवते
आणि वाट बघते,
स्टँडवर बसल्यासारखी,
पदर नीट करून.

कधीतरी अंगठ्याशी काही हललं.
वाऱ्यानं सूत हललं असेल.
मी विचारणार होतो,
पण काकूचं लक्ष नव्हतं.
वानरीनं सुपाशेजारचा पानांचा पुडा पळवला होता
आणि ती तिला शिव्या घालत होती
अर्ध्या वाकड्या तोंडानं,
एकही अक्षर न अडखळता.