ऐच्छिक विषय

नववीच्या फॉर्मवर तीन चौकोन होते:
संगणक, चित्रकला, नाट्य.
"मार्क मिळतील ते घे," पप्पा म्हणाले
आणि नाइट ड्युटीला गेले, वडाळा डेपोत.

मी तिसऱ्यात बरोबरची खूण केली.
मग लाइटबिलाच्या पाठीवर
त्यांची सही गिरवत बसले
अकरा वेळा. बाराव्यांदा थेट फॉर्मवर.

नुसता हात पुरेना.
उजवा खांदा थोडा पाडावा लागला,
चष्मा नसताना नाकावरून वर सारावा लागला.
सहीआधीचा त्यांचा उसासा मात्र
आपसूकच आला.

सकाळी आले. डबा मोरीत ठेवला,
बिल उचललं, तारीख बघितली, उलटं केलं.
मी दारात, तोंडात ब्रश,
फेस गिळून उभी.

बराच वेळ ते
त्या अकरा दामोदरांची हजेरी घेतल्यासारखे बघत राहिले.
"'द'ची शेपटी एवढी नाही ओढत मी."
एवढंच.
मग खिशातलं पेन काढलं,
खांदा पाडला,
अकरांच्या खाली आपला एक दामोदर लिहिला.

खरं सांगू?
त्या बारांत
तोच मला नकली वाटला.