पंच्याऐंशी, एक पॉइंट दोन

धुळ्याचा मोईन म्हणाला, दोन दिवस वापर, मग बोल.
काच स्वच्छ, बुरशी नाही, फक्त रिंग जरा सैल फिरते.
एसटीत मांडीवर घेऊन बसलो,
किलोभर वजन, झोपलेल्या पोरासारखं.
पारोळा येईपर्यंत एका पायाला मुंग्या.

पहिल्या दिवशी सगळे करतात तेच केलं.
स्टुडिओच्या भिंतीला पेपर चिकटवला,
चारही कोपऱ्यांतल्या निधनवार्ता वाचल्या.
डावीकडे खाली कुणी एक काशीनाथ
आडनावापाशी पुसट.
मग माझं मलाच हसू आलं,
कोपऱ्यात कोण चेहरा ठेवतो?

संध्याकाळी रसवंतीच्या माळेवर रोखून पाहिली.
मधले दिवे गोल, कडेचे लिंबाच्या फोडी.
आत कांद्याच्या चकतीसारखी वलयं नाहीत, हे बरं.
गिऱ्हाईक एवढंच विचारतं, मागचं उडतं का?
उडतं.
पाणपोई उडते, ट्रॅक्टर उडतो,
नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक उडतो,
तेवढ्यासाठीच बावन्न हजार द्यावेत
असं क्षणभर वाटलं.

पण पापणीपासून कानापर्यंत
ही काच कशी उतरते,
पायरीनं की उताराने,
ते कुणी विचारत नाही.
मला तेच बघायचं होतं. त्यासाठी माणूस लागतो.

आखाजीचा दिवस. ऊन चव्वेचाळीस.
लेकी माहेरी आलेल्या,
आणि गुंफाबाई अंगणात खापरासमोर,
पन्नास वर्षं गावाचे मांडे हिनेच केलेले.
नातू योगराज म्हणाला, काढा, आजीचा एकही फोटो नाही.
पाटावर बसवली, निंबाच्या सावलीत.
सुरकुत्यांत पीठ, नाकात फुली,
फुलीच्या कडेला बारीक जांभळी रेघ आली,
ती मी मनात लिहून ठेवली, मोईनला दाखवायला.

हातभर अंतरावरून, पूर्ण उघड्या काचेवर
स्पष्ट राहतं ते ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं.
बाकी सगळं सोडून द्यायचं.
दोन दाण्यांत दोन डोळे मावत नाहीत,
मान जरा जरी वळलेली असेल तर.

तिची वळलेली होती.
हिरवी चौकट धावत गेली जवळच्या डोळ्यावर,
आणि जवळचा डोळा
पांढरा.
चुलीच्या धुरानं की मोतीबिंदूनं, विचारलं नाही.
मी चौकट बंद केली, रिंग हातात घेतली,
त्या दुधावरून पलीकडच्या काळ्या बुबुळाकडे
हळूहळू निघालो,
रिंग सैल, दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे.
योगराज म्हणाला, चांगला डोळा घ्या.

तिला काय कळलं कोण जाणे.
"हाऊच डोया ले," ती म्हणाली,
"तो काम करस, हालत ऱ्हास.
हाऊ रिकामा शे. हालस नही."

घेतला.
पांढऱ्यात निंब होता, आभाळ होतं,
कॅमेरा धरून वाकलेला मी होतो, टाचणीएवढा.
तिथून गाल सुरू झाला आणि कधी धूसर झाला
मला सांगता आलं नाही.
शिवण दिसली नाही.
कानापाशी पोचलो तेव्हा
कान होता, आणि नव्हताही.

मोईनला रेघ दाखवली, रिंग दाखवली,
पेपरातला काशीनाथ दाखवला.
तो म्हणाला, पन्नास.
मी म्हणालो, सत्तेचाळीस.
एकोणपन्नासवर चहा आला.
तिचा फोटो मी त्याला दाखवला नाही,
भाव वाढला असता.

आठवड्यानं प्रिंट घेऊन गेलो, बारा बाय अठरा.
तिनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
दोन्ही हातांनी उचलून
कोनाड्यातल्या दिव्यासमोर धरला,
मांडा धरतात तसा,
आणि चांगला डोळा लावून बघत बसली.
"पातय व्हयना का ते मी आशी देखस.
मांडाम्हाईन दिवा दिसाले पाहिजे."

मी वाट बघत उभा.

"जाड शे," ती म्हणाली,
आणि प्रिंट पदरानं पुसून
पिठाच्या डब्यामागे उभा केला.