तर

सर्जेकोटच्या धक्क्यावर रेंजच्या दोन काड्या.
घरात एकच, तीही माडाच्या कलाने.
म्हणून लॅपटॉप इथे, मासळीच्या पालथ्या क्रेटवर,
पायाखाली बर्फाचं पाणी.

चार वर्षं लिहिलं. आज सोडायचं.
नाव ठेवलंय 'तर'.
पुण्यातल्या मित्राला वाटलं, जर-तरमधलं.
तेही आहेच. पण ही ती तर
जी समोर तळाशीलला जाते,
लवू मेतराची,
बाराजणांची, पंधरा बसतात.

आधी मीही सगळ्यांसारखंच केलं होतं:
येईल त्याला वेगळी होडी, वेगळा तांडेल.
शंभरापर्यंत ठीक.
हजाराला खाडी होड्यांनीच भरली,
पाणी दिसेना,
मशीन तापून गप्प.

मग एका मे महिन्यात नुसती बसून लवूला पाहिलं.
तो कुणापाशी अडून राहत नाही.
पलीकडून हाळी आली की मान हलवतो,
एवढंच. हातातलं वल्हं चालूच.
कुणाचे सुटे पैसे राहिलेत,
कुणाची कोंबडी अलीकडे, मालकीण पलीकडे,
सगळं डोक्यात; कपाळावर आठी नाही.
एक होडी, दोन कान.
घरी येऊन मी सात हजार ओळी पुसल्या.

"कितीक इकतलंस?" लवू विचारतो.
इकणंय नाय. कोणीय घेवंदे, उघडून बघंदे, बदलंदे.
"मगे खातलंस काय?"

याचं उत्तर परवान्यात नाही.
परवान्यात एवढंच, की कसलीही हमी नाही,
बुडालात तर आम्ही जबाबदार नाही.
मराठी करून वाचून दाखवलं
तर तो पान थुंकून हसला:
"ह्या माझ्या बापाशीन खय लिवन ठेवलेला नाय.
पण आसा तसाच."

ओहोटी लागताना सोडलं.
एक बटण. ढोकसुद्धा उडाला नाही.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं,
नावाची लिपी मला वाचता येईना:
चार हजार कनेक्शनं धरली की
गेलेल्या माणसांची जागा रिकामी होत नाही,
आत पाणी साचत जातं.
ओळ दोनशे बारा.

मी वाचलं आणि कान तापले.
दोनशे बारा मीच लिहिली होती,
रात्री, लाइट जायच्या घाईत.

"भोक गावला?" लवू म्हणाला, दोर सोडता सोडता.
"बरा झाला. म्हणजे कोणतरी बसला."

आणि त्याने पलीकडे पाहून मान हलवली.
हाळी मला ऐकूच आली नव्हती.