फक्त

हैमाच्या जमीन-कचेरीत माझं टेबल खिडकीशी,
खिडकीबाहेर सपाटी, सपाटीपलीकडे सपाटीच.
पहिल्या वर्षी मला अरबी येत नव्हतं,
तरी फायलींमधून काही शब्द ओळख देत :
हद्द. हक्क. कलम. महसूल.
म्हसवडच्या तलाठ्याच्या दप्तरातलेच हे.
कधी, कुणाच्या गलबतातून तिकडे गेले
मी शोधलं नाही.
त्यांचं माहेर इथलं, एवढं कळलं.

जुन्या कायद्याचं कलम अकरा :
ही जमीन चराईसाठी, फक्त.
अरबीतही फक़त.
आमच्याकडे तो पावतीवर रकमेमागे लिहितात,
मागाहून कुणी शून्य वाढवू नये म्हणून.

इथे त्याच शब्दाने
तुफूलला बारा मधपेट्या उचलायला लावल्या,
समरच्या झाडाखालून, ऐन फुलोऱ्यात.
निरीक्षक म्हणाला, माश्या चरत नाहीत.
ती म्हणाली, मग काय करतात?
पंचनाम्यात या प्रश्नाला रकाना नव्हता.

बखीतचं उलटं.
त्याने पश्चिमेची पट्टी दोन वर्षं राखली,
एक उंट तिकडे फिरकू दिला नाही.
गवताला बी धरू दे, म्हणाला, वाऱ्याला ते नेऊ दे.
उपग्रहाच्या फोटोत कळप दिसला नाही
तेव्हा शेरा पडला : वापरात नाही, परत घ्यावी.
राखलेलं आणि टाकलेलं
वरून सारखंच दिसतं.

माझा बाप मेंढरं घेऊन घाट उतरायचा.
वाटेत एखाद्या कुरणाकडे काठी करून सांगायचा,
हे निजलंय, याला उठवू नको.
मी डिप्लोमा केला तो त्या काठीपासून सुटायला,
आणि तीन हजार रियालचं यंत्र खांद्यावर घेऊन
आलो, तर काठीच्याच मुलखात.

मसुदा घेऊन मस्कतहून रय्या आली, वकील,
बुटांत वाळू, हातात बत्तीस पानं.
तंबूत तिने वाचून दाखवलं :
चराई, मध, गवताचं बी, जळणाची वाळकी फांदी,
पाहुण्यांचे तंबू, हरणांची वाट...
म्हातारा मुसल्लम कपात तीनदा खजूर बुडवून म्हणाला,
पोरी, यादी केलीस
तर यादीत नसलेलं सगळं चोरी ठरेल.
तुझ्या आजीला विचार, ती या रानातून काय काय न्यायची.
रय्या बराच वेळ गप्प राहिली.
मग तिने यादी दुमडली
आणि कलम अकरामधला एकच शब्द खोडला.

जमिनीला हलकं वाटलं का, ठाऊक नाही.
मला वाटलं. आठवडाभर.
मग त्याच फटीतून सौर पटलांच्या कंपनीची गाडी आली,
थंडगार, काळ्या काचांची,
आता काहीही चालतं ना, असं विचारत.
बखीत म्हणाला, ज्याला इथे रात्र काढायची नाही
त्याने इथे खांब रोवू नये.
हेही कायद्यात बसवलं,
पण वकिली भाषेत ते अर्धंच उरलं,
आणि कंपनीची गाडी अजून येते. दर मंगळवारी.

माझ्याकडे नकाशा आला.
पेट्या, उंट, तंबू, सगळ्यांना रंग होते.
निजलेल्या जमिनीला रंग नव्हता.
मेंढीच्या पोटाखालच्या लोकरीचा,
धुतली तरी मातकट राहते तिचा,
मी जुळवला. कचेरीने त्याला नाव दिलं, रंग नऊ.
माझ्या प्रतीवर, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने
मी मराठीत लिहून ठेवलंय. बापाचाच शब्द.

आज पहाटे धुकं उतरलं.
कुंपणाच्या तारेवरचे थेंब एक शेळी
ओळीने चाटत गेली, कुणाची हद्द ते न बघता.
तुफूलच्या पेट्या परत समरखाली.
तिने बाटली पुढे केली, मधाला धुराचा किंचित वास.
पाच रियाल, म्हणाली. फक़त.
आणि आपल्याच शब्दावर हसली.
मीही हसलो. मला पावती आठवली होती,
ते तिला सांगण्याइतकं अरबी
अजून मला येत नाही.