झाकली मूठ

गाडीत बसायच्या आधीच सिस्टर केबिरुंगींनी बजावलं:
आज एकेकाला एकच प्रश्न.
दुसऱ्याने विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही,
आणि उत्तर संपलं असं वाटलं
की मनात वीसपर्यंत मोजायचं.

आम्ही चौघं. डॉक्टरकीचा अंपाइरे, नर्सिंगची नातुकुंडा,
समाजकार्याचा ब्यामुकामा, गाडी लागते म्हणून खिडकीशी,
आणि मी फार्मसीची, मांडीवर बाटल्यांचं खोकं.
म्बरारापासून दीड तास. केळीच्या बागा, मग नुसत्या टेकड्या,
लाल धूळ दातांत.

बाटलीतलं मॉर्फिन मीच कालवलं होतं आदल्या दिवशी.
मोजून पावडर, उकळून गार केलेलं पाणी,
आणि थेंबभर हिरवा रंग,
म्हणजे सौम्य कोणतं, कडक कोणतं यात घोळ नको.
चव कडूच राहते. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

रुताहिग्वा आजोबा अंगणात, चटईवर.
अन्ननलिकेत गाठ. दूधसुद्धा घोट घोट, तेही कधी परत.
मागे बायको, पाठीला टेकू देऊन बसलेली.
अंपाइरेने आपला हात उघडून मिटून समजावलं:
दुखत नसेल तर मूठ, जरासं असेल तर एक बोट,
सोसवेना तर पाचही.
आजोबांनी हात वर केला.
मूठ.
अंपाइरेने लिहिलं, वेदना शून्य.
मी वहीत आकडे मांडायला घेतले,
मात्रा कमी करता येईल.

नातुकुंडाने प्रश्न खर्चलाच नाही.
पाठीवर जखम धरतेय का बघायला ती मागे गेली
आणि तिथूनच मला डोळ्यांनी खुणावलं.
आजोबांच्या पाठीआड बायकोचा हात.
पाचही बोटं ताणलेली, बाकी चेहऱ्यावर काही नाही.

आता कोणी काय विचारायचं?
ब्यामुकामा गोठ्याकडे बघत म्हणाला,
"यातली तुमची लाडकी कोणती?"
मला त्याचा रागच आला.
इतक्या लांब येऊन हा प्रश्न!

आजोबांचा आवाज म्हणजे सुकल्या पानावरून चालणारं कोणीतरी.
ती बांडी, कपाळावर चांद असलेली.
तिची शिंगं मोजायला दोन माणसं लागतात.
आणि ती तिची कालवड, तांबडी, अजून व्यायची आहे.
मग थांबले.
आम्ही मोजत राहिलो. कुंपणावर एक पक्षी आला, गेला.
"ती द्यायची नाही," आजोबा म्हणाले.
"शहरात दोनदा फोटो काढले पोटाचे. दोन गाई गेल्या.
दुखतंय म्हटलं की औषध वाढतं,
औषध वाढलं की गोठ्यातलं एक दावं सुटतं."

तर अशी ती झाकली मूठ.
सव्वा लाखाची नव्हे,
एका कालवडीची.

सिस्टर गप्प. आम्हाला सोडवायला त्या आल्याच नव्हत्या.
माझा प्रश्न शिल्लक होता.
मी बाटली पुढे केली.
"याच्या बदल्यात काहीच द्यायचं नाही,
असं सांगितलं तर खरं वाटेल तुम्हाला?"

त्यांनी ती उन्हात धरली, हलवून पाहिली.
"हिरवी गाय," म्हणाले, "मी अजून बघितली नाही."
आधी हसली ती बायको.
तोपर्यंत तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

मग मूठ सुटू लागली. करंगळी.
तिच्या शेजारचं. मधलं. तर्जनी.
तिथे अडली.
बायकोने मागून हात घालून
अंगठा बाहेर ओढला.

परतीच्या वाटेवर अंपाइरेने शून्य खोडलं.
खाली सही कोणाची करायची, त्याला कळेना;
वही फिरली, रस्ता खडबडीत, चारही नावं वाचता न येणारी.
सिस्टरनी पुढच्या सीटवरून, वळून न बघता, विचारलं:
"वीसपर्यंत कोण कोण पोचलं?"
तिघांनी हात वर केले.

मीही केला.
मी अकराला थांबले होते,
गोळाबेरीज करत.